लीलावतीला गणित कशासाठी?

(शिक्षक, शिक्षण विभागातील अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुलगी आणि गणित ह्यांची सांगड घालणारी सर्वांत लोकप्रिय कथा लीलावतीची आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. त्याचा अंकगणिताचा भाग ‘लीलावती’ ह्या नावाने ओळखला जातो. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. म्हणजे ह्या ग्रंथाचे महाराष्ट्राच्या मातीशी जुने नाते आहे.

कथा सर्वांच्या परिचयाची आहे. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या. तिच्या विवाहाचा एकच शुभ मुहूर्त होता. घटिकापात्रात डोकावताना तिच्या अंगावरील मोती त्यात पडला, छिद्र बुजले, मुहूर्त टळला. आणि दुःखी कन्येच्या समाधानासाठी पित्याने तिच्या नावाचा ग्रंथ लिहिला. ही कथा अकबराच्या दरबारातील फैजी ह्याने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतराबरोबर पसरली. तिला ऐतिहासिक पुरावा नाही. तथापि, ग्रंथातील अनेक उदाहरणे एका बालिकेला उद्देशून घातलेली आहेत, हे मात्र कोणालाही पाहता येते.

येथे एक भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. ग्रंथ मुलीला प्रश्न विचारतो आणि तिच्याकडून उत्तराची अपेक्षा ठेवतो. कथा मात्र तिचे सांत्वन करते. तिला गणित मिळाले ते विवाह हुकला म्हणून, असे कथा सुचविते. प्रश्न विचारणे आणि सांत्वन करणे ह्या दोन्ही वृत्ती आजही आठवी, नववी, दहावीच्या वर्गांत नांदत आहेत. मुलींच्या विज्ञान व गणिताच्या अभ्यासाला आज जो अडथळा होतो, तो बहुधा विरोधाच्या रूपाने येत नाही, सांत्वनाच्या रूपाने येतो. “राहू दे बाळ, अवघड आहे,” हे वाक्य मायेने उच्चारले जाते. म्हणूनच ते खोडून काढणे कठीण असते.

गुणपत्रिका काय सांगते

प्रथम कुवतीचा प्रश्न निकालात काढला पाहिजे. मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्रात झालेल्या दहावीच्या परीक्षेत मुलींच्या उत्तीर्णतेचे प्रमाण ९६.१४ टक्के, तर मुलांचे ९२.३१ टक्के होते. त्याच वर्षी बारावीला हे प्रमाण अनुक्रमे ९४.५८ आणि ८९.५१ टक्के होते. हे आकडे सर्व विषयांचे मिळून आहेत, हे खरे. परंतु गणित व विज्ञान हे दहावीच्या परीक्षेचेच भाग आहेत. जिला गणित ‘झेपत नाही’ असे गृहीत धरले जाते, ती मुलगी हा अडथळा ओलांडून पुढे गेलेली आहे.

उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय पाहणीत विज्ञान शाखेत सुमारे २९.८ लाख मुली आणि २७.४ लाख मुलगे शिकत असल्याचे आढळले. हे चित्र समाधानाचे आहे. अभियांत्रिकीत मात्र मुलींची संख्या अद्याप मुलांच्या निम्म्याहूनही कमी आहे. भारतीय तंत्रज्ञान संस्थांत तर एके काळी दहा विद्यार्थ्यांमागे जेमतेम एक मुलगी असे. २०१८ पासून मुलींसाठी अतिरिक्त जागा निर्माण करण्यात आल्या, तेव्हा हे प्रमाण पाचांत एक इतके झाले. जागा उपलब्ध होताच मुली आल्या. त्या आधी कोठे होत्या, आणि कोणी व कोणत्या वयात त्यांची वाट दुसरीकडे वळविली, हा खरा प्रश्न आहे.

मनातील चित्र

१९८३ साली डेव्हिड चेंबर्स ह्या संशोधकाने एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्याने ४,८०७ बालकांना शास्त्रज्ञाचे चित्र काढावयास सांगितले होते. त्यांपैकी केवळ २८ चित्रांत शास्त्रज्ञ स्त्री होती, आणि ती सर्व चित्रे मुलींनी काढलेली होती. एकाही मुलाने स्त्री शास्त्रज्ञ रेखाटली नाही. पुढील दशकांत अशाच अनेक पाहण्या झाल्या. त्या सर्वांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा अलीकडच्या काळात स्त्री शास्त्रज्ञ काढणाऱ्या मुलांचे प्रमाण बरेच वाढल्याचे दिसून आले. परंतु त्याच आढाव्यातील दुसरा निष्कर्ष अधिक विचार करावयास लावणारा आहे. सहा वर्षांच्या मुली बहुधा स्त्री शास्त्रज्ञच काढतात. सोळाव्या वर्षापर्यंत त्याच वर्गातील बहुसंख्य मुली पुरुष काढू लागतात. म्हणजे शाळेच्या दहा वर्षांत मुलगी विज्ञान शिकते, आणि विज्ञान हे आपले क्षेत्र नव्हे हेही शिकते.

ही दुसरी शिकवण फार लवकर सुरू होते. अमेरिकेतील २०१७ च्या एका अभ्यासात पाच वर्षांच्या मुली ‘अतिशय हुशार व्यक्ती’ म्हणून आपल्याच वर्गाकडे मुलांइतक्याच सहजपणे बोट दाखवीत. सहाव्या-सातव्या वर्षी हे प्रमाण घटलेले आढळले. ‘अतिशय हुशार मुलांसाठी’ म्हणून सांगितलेल्या खेळातही ह्या मुलींचा रस कमी झाला. येथील समाजाची घडण निराळी असल्यामुळे हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तरीही मराठी वर्गातील प्रशंसेचे शब्द आठवून पाहावेत. गणितात चांगले गुण मिळविणारा मुलगा ‘डोकेबाज’ ठरतो. तितकेच गुण मिळविणारी मुलगी ‘कष्टाळू’ ठरते. दोन्ही विशेषणे गौरवाचीच आहेत. मात्र ऐकणाऱ्या मुलीला त्यांतून एक धडा मिळतो: तिचे यश श्रमाचे आहे आणि श्रमाला मर्यादा असते.

ह्याच संदर्भात शिक्षिकांविषयीही एक निष्कर्ष नोंदविण्यासारखा आहे. पहिली-दुसरीच्या वर्गांवर शिकविणाऱ्या ज्या शिक्षिकांना स्वतःलाच गणिताची भीती वाटत होती, त्यांच्या वर्गातील काही मुलींनी वर्षअखेरीस ‘गणित मुलांचे, वाचन मुलींचे’ ही समजूत स्वीकारली, आणि ज्या मुलींनी ती स्वीकारली त्यांचे गणितातील यश कमी झाले. मुलांवर असा परिणाम झाला नाही. हा अमेरिकेतील २०१० चा अभ्यास आहे. भीती पाठ्यपुस्तकात छापलेली नसते. ती शिक्षिकेच्या आवाजातून आणि चेहऱ्यावरून पोहोचते.

उपकरण एकाच्या हाती, वही दुसरीच्या

माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेतील नेहमीचे दृश्य पाहावे. चार-पाच विद्यार्थ्यांच्या गटाला एक उपकरणसंच मिळतो. स्पिरिटचा दिवा पेटविणे, परीक्षानळी धरणे, विद्युत मंडल जोडणे ही कामे गटातील मुलगे आपसूक हाती घेतात. निरीक्षणे लिहिणे, आकृती काढणे आणि प्रयोगवही नीटनेटकी ठेवणे मुलींकडे येते. वर्षाअखेर मुलींच्या वह्या उत्तम दिसतात आणि शिक्षक त्यांचे कौतुकही करतात. पण ज्या हातांनी तार जोडली नाही, त्यांना तार जोडण्याचा आत्मविश्वास येत नाही. विज्ञान प्रदर्शनातही हेच घडते. यंत्र चालवून दाखविणारा मुलगा पुढे असतो. तक्ता रंगविणारी मुलगी त्याच्या मागे उभी असते.

फळ्यासमोर तर हा भेद अधिक सूक्ष्म होतो. उदाहरण चुकलेल्या मुलाला “पुन्हा बघ, कुठे चुकलास?” असे विचारले जाते. चुकलेल्या मुलीला “असू दे, बस खाली” असे सांगितले जाते. पहिल्यात कठोरपणा आहे, पण विश्वासही आहे. दुसऱ्यात केवळ दया आहे. गणित हा विषय चुका दुरुस्त करीत पुढे जाण्याचा आहे. ज्याला चूक शोधावयास लावले, तो गणित शिकला. जिला खाली बसविले, ती त्या संधीला मुकली.

ह्या समजुतींचा भार मुलांवरही पडतो, हे विसरता कामा नये. भाषा, चित्रकला किंवा इतिहास ह्यांची आवड असलेल्या मुलाला केवळ ‘मुलगा आहे’ म्हणून विज्ञान शाखेत ढकलले जाते. अनुत्तीर्ण झाल्यास तो ‘वाया गेला’ असे म्हटले जाते. एकाच साच्यातून मुलीला बाहेर ठेवले जाते आणि मुलाला त्यात कोंबले जाते. दोघांच्याही आवडीची विचारपूस होत नाही.

धोरण बदलले, सवय मागे राहिली

देशाच्या शैक्षणिक धोरणाने ह्या बाबतीत दीर्घ वाटचाल केली आहे. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने मुलींसाठी गृहशास्त्राच्या सोयी वाढविण्यावर भर दिला होता. साठच्या दशकाच्या आरंभी हंसा मेहता समितीने मुलगे आणि मुली ह्यांच्या अभ्यासक्रमात लिंगभेदावर आधारित फरक असू नये, असा स्पष्ट अभिप्राय दिला. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने त्यास पाठिंबा दिला आणि शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान व गणित सर्वांना अनिवार्य असावेत अशी शिफारस केली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने व्यावसायिक अभ्यासक्रमांतील स्त्री-पुरुष साचेबंदपणा दूर करण्याचा निर्धार व्यक्त केला. बालभारतीच्या २०१९ च्या इयत्ता दुसरीच्या पुस्तकांत आई-वडील मिळून घरकाम करीत असल्याची चित्रे आली. अभ्यासक्रमाच्या कागदावर भेद आता उरलेला नाही.

हा भेद कागदावर असताना काय घडत असे, ह्याचे उदाहरण प्रसिद्ध पदार्थवैज्ञानिक डॉ. रोहिणी गोडबोले ह्यांच्या बालपणात मिळते. १९५२ साली पुण्यात जन्मलेल्या रोहिणीताई मुलींच्या शाळेत शिकल्या. तेथे सातवीपर्यंत विज्ञानाऐवजी गृहशास्त्र शिकविले जाई. शिष्यवृत्ती परीक्षेसाठी त्यांना विज्ञानाचा अभ्यास वेगळा करावा लागला. पुढे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून एम.एस्सी., १९७९ साली अमेरिकेतील स्टोनी ब्रुक येथून पीएच.डी., बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अध्यापन व संशोधन आणि २०१९ साली पद्मश्री असा त्यांचा प्रवास झाला. २०२४ साली त्यांचे निधन झाले. भारतीय स्त्री शास्त्रज्ञांच्या आत्मकथनांचा जो ग्रंथ त्यांनी सहसंपादित केला आणि जो २००८ साली प्रसिद्ध झाला, त्याच्या नावात लीलावतीच्या लेकींचा उल्लेख आहे.

पूर्वग्रह केवळ अशिक्षितांत असतो, असाही एक समज आहे. तो कमला सोहोनी ह्यांच्या चरित्राने खोटा ठरतो. पूर्वाश्रमीच्या कमला भागवत १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागावयास गेल्या. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिकाने सन्मानित सर सी. व्ही. रामन. विद्यार्थिनी म्हणून त्यांनी प्रथम प्रवेश नाकारला. कमलाबाईंच्या आग्रहानंतर एक वर्षाच्या परीविक्षेच्या अटीवर तो मिळाला. त्यांच्या कामाने संचालकांचे मत बदलले आणि पुढे त्या संस्थेत विद्यार्थिनींना प्रवेश मिळू लागला. कमलाबाईंनी १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. संपादन केली, विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात. एवढ्या श्रेष्ठ शास्त्रज्ञाला जो पूर्वग्रह सोडावा लागला, तो आपल्यातही असू शकेल, असे मानण्यात कोणाही शिक्षकाला कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

दहावीनंतरची वाट

वर्गातील समजुतीला गावात व्यवहाराची जोड मिळते. अनेक गावांतून कला शाखेचे कनिष्ठ महाविद्यालय जवळ असते आणि विज्ञान शाखेसाठी तालुक्याच्या ठिकाणी जावे लागते. मुलाला सायकल किंवा खोली मिळते. मुलीला जवळचे महाविद्यालय मिळते. मग तिने ‘कला शाखा निवडली’ अशी नोंद होते. वास्तविक तिने अंतर निवडले नव्हते. ते तिच्यासाठी निवडले गेले. त्यातच विज्ञानाची प्रात्यक्षिके दुपारी उशिरापर्यंत चालतात, आणि सायंकाळचे पाणी, स्वयंपाक व धाकटी भावंडे मुलीची वाट पाहात असतात.

ह्या अडचणींवर शासनाने काही साधने उपलब्ध करून दिली आहेत. ग्रामीण विद्यार्थिनींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एस.टी.चा मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमाखालील १२५ तालुक्यांत विद्यार्थिनींसाठी बसगाड्या आणि सायकली देण्याची तरतूद झाली. २०२४-२५ पासून वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय झाला. परंतु अभियांत्रिकीचे शुल्क माफ होण्याचा लाभ त्याच मुलीला घेता येईल, जिने अकरावीला गणित घेतले आहे. शासनाची सवलत अठराव्या वर्षी दारात येते. दार मात्र पंधराव्या वर्षीच बंद झालेले असते.

गावाच्या कारभाराचा परिणाम

हे दार उघडे ठेवण्यात पंचायतीचा काय संबंध, असा प्रश्न सदस्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातील एका अभ्यासाने दिले आहे. ४९५ खेड्यांत झालेला हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. आरक्षणामुळे ज्या गावांत लागोपाठ दोन वेळा स्त्री प्रमुख झाली होती, तेथे मुलगा व मुलगी ह्यांच्या भवितव्याविषयी आईवडिलांच्या आकांक्षांतील तफावत सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळली. स्वतः किशोरवयीन मुलामुलींच्या आकांक्षांतील तफावत ३२ टक्क्यांनी घटली. शिक्षणातील अंतर नाहीसे झाले आणि मुलींचा घरकामात जाणारा वेळही कमी झाला. मुलींसाठी नोकऱ्या वाढल्या होत्या असे नव्हे. गावाचा कारभार पाहणारी स्त्री मुलींना रोज दिसत होती, एवढेच घडले होते.

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायत राज्य संस्थांत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण आहे. म्हणजे हजारो गावांत असे उदाहरण उभे राहण्याची शक्यता आहे. मात्र त्यासाठी सरपंचबाईंनी स्वतः सभेत बसले पाहिजे, अंदाजपत्रक वाचले पाहिजे, बांधकामाच्या मोजमापाविषयी अभियंत्याला प्रश्न विचारला पाहिजे. पतीने कारभार पाहावयाचा आणि बाईंनी सही करावयाची, अशी रीत जेथे असेल तेथे आठवीतील मुलगी नेमका उलटा धडा घेते. प्रयोगशाळेतील वही आणि पंचायतीतील सही ह्यांत तिला फारसा फरक दिसत नाही.

करावयाची कामे

ह्या विषयात मोठ्या खर्चाच्या योजनांपेक्षा लहान व नियमित व्यवस्थांचा उपयोग अधिक आहे.

शिक्षकांनी प्रत्येक प्रयोगात उपकरण हाताळण्याची आणि नोंद घेण्याची पाळी हजेरी क्रमांकाने बदलावी. प्रश्न विचारल्यावर पहिल्या वर आलेल्या हाताकडे न वळता थोडे थांबावे. मुलीचे उत्तर चुकल्यास तिला फळ्यासमोरून परत पाठवू नये. चूक तिच्याकडूनच शोधून घ्यावी. प्रशंसा करताना मुलीच्या सुवाच्य अक्षराइतकीच तिच्या युक्तीची व तर्काचीही दखल घ्यावी.

मुख्याध्यापकांनी गणित-विज्ञानाचे जादा तास शक्यतो शाळेच्या वेळेतच बसवावेत. सायंकाळी सहाचा वर्ग सर्वांसाठी खुला असला, तरी तो सर्वांना उपलब्ध असतोच असे नाही. विज्ञान मंडळ आणि प्रदर्शनाच्या गटांत सादरीकरण कोण करतो, ह्यावर लक्ष ठेवावे. दहावीच्या निकालापूर्वीच पालकसभा घ्यावी. निकालानंतर घरातील निर्णय झालेला असतो.

अधिकाऱ्यांनी तपासणीच्या वेळी उत्तीर्णतेच्या टक्केवारीबरोबर आणखी एक आकडा विचारावा: ह्या शाळेतून दहावी झालेल्यांपैकी किती मुली व किती मुलगे विज्ञान शाखेत गेले, आणि त्यांपैकी कितीजणांनी गणित घेतले? जो आकडा विचारला जातो, त्याची काळजी घेतली जाते.

पंचायत सदस्यांनी एस.टी.च्या फेऱ्या महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिकांच्या वेळेशी जुळतात की नाही, हे पाहावे व आगाराकडे पाठपुरावा करावा. ग्रामपंचायतीने महिला व बालकल्याणासाठी राखावयाच्या दहा टक्के निधीचे नियोजन करताना दहावी झालेल्या मुलींच्या पुढील शिक्षणाचा विचार व्हावा. शाळा व्यवस्थापन समितीत किमान निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ठरविले आहे. त्या सदस्यांनी वर्षातून एकदा तरी प्रयोगशाळेत जाऊन कपाटाची किल्ली कोणाकडे असते आणि उपकरणे कोणाच्या हातांत असतात, हे प्रत्यक्ष पाहावे.

दिवंगत गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर ह्यांनी १९६४ साली मुंबई विद्यापीठाची एम.ए. पदवी मिळविली आणि संसार सांभाळीत १९८१ साली पीएच.डी. पूर्ण केली. मुलांना गणिताची गोडी लागावी म्हणून त्यांनी मराठीत ‘गणितगप्पा’ लिहिले. मध्ये सतरा वर्षांचे अंतर पडले, तरी गणित सुटले नाही. कारण विद्यार्थिदशेत ते पक्के हाती आलेले होते. कोणतीही मुलगी पुढे कोणते जीवन जगेल, हे शाळेला ठरविता येत नाही. तिच्या हाती काय द्यावयाचे, एवढे मात्र शाळेच्या अधीन असते.

भास्कराचार्यांना लीलावती नावाची कन्या होती की नव्हती, ह्याचा निर्णय इतिहासकार करतील. त्यांच्या ग्रंथातील बालिका मात्र साडेआठशे वर्षांहून अधिक काळ प्रश्न ऐकत आली आहे. कोणी तिला गणितापासून दूर बसविलेले नाही. येत्या सोमवारी गणिताच्या तासाला शिक्षक वर्गात जातील, तेव्हा मागच्या बाकावरील मुलीलाही असाच एक प्रश्न विचारला जावा आणि तिचे उत्तर येईपर्यंत वर्गाने थांबावे.